रोटाच्या दिवसांतली गोळी

उखर्डूचा हिलाल, हिलालचा धनसिंग आणि धनसिंगाचा पितांबर. एरंडोल तालुक्यातल्या धरणगावी या घराची वंशावळ सांगणारा भाट दर दोन-तीन वर्षांनी यायचा, ओट्यावर बसून पोथी उघडायचा आणि एवढे म्हणून थांबायचा. धनसिंगाला एक मुलगीही झाली होती, हे त्याच्या पोथीत नव्हते. तिचे नाव शेवंता. ही हकीगत तिची आहे, तेव्हा पोथीत राहून गेलेले नाव इथे आधी सांगितलेले बरे.

उखर्डू, हिलाल आणि धनसिंग या तिघांत एक गुण सारखा होता. तोंडातून गेलेला शब्द ते परत घेत नसत, मग तो शहाणपणाचा असो की मूर्खपणाचा. धनसिंगाच्या दोन्ही अपत्यांत तो गुण तंतोतंत उतरला, आणि एका घरात असा गुण दोघांत उतरला म्हणजे काय होते, ते पुढे येईलच.

एकोणीसशे छत्तीस साली गावात पटकीची साथ आली. धनसिंगाची बायको दोन दिवसांत गेली. तिसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या शेवंताला लागण झाली. घरातली माणसे दाराशी येत, आत डोकावत आणि मागच्या मागे फिरत. पंधरा वर्षांचा पितांबर मात्र तिच्या उशाशी बसला. तांदळाची पेज, चिमूटभर मीठ आणि एक पितळी चमचा, एवढ्या सामग्रीवर तो तीन दिवस आणि तीन रात्री बसून राहिला. तिने ओकले की पुसायचे, पुन्हा चमचा भरायचा. चौथ्या दिवशी मुलीने डोळे उघडले.

हे शेवंताने जन्मात कधी नाकारले नाही. तिचा जीव भावाने राखला होता. पण भावानेही तो उपकार कधी जमिनीवर ठेवला नाही. सदा मुठीत धरून हिंडला. धनसिंग गेल्यावर, तिच्या पंधराव्या वर्षी, धुळ्याचे स्थळ त्याने ठरवले, तेव्हा ती 'नको' म्हणाली. "चमच्याचमच्याने जगवली, ती मला नको म्हणायला का?" एवढे एक वाक्य, आणि लग्न झाले. नवरा कजाग नव्हता, पण पाच-सहा वर्षांत क्षयाने गेला. एकविसाव्या वर्षी ती विधवा झाली. पितांबरने निरोप धाडला की माहेरी येऊन चूल सांभाळावी. तिने उलट कळवले की धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला तिने नाव घातले आहे.

तेव्हा श्रावण चालू होता आणि घरात खानदेशची कानबाई देवी बसलेली होती. शेवंता दर्शनाला आली. सगळी भावकी जमली होती. पितांबर उठला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "परक्या पुरुषांची मुताची भांडी उचलणार तू? धनसिंगाची पोर?"

"हो," ती म्हणाली. "पटकीत तूही माझे ओकलेले उचललेस. ते काम आता मी शिकणार आहे."

"तुना जीव मना शे," तो म्हणाला. रागावला की तो खानदेशीत शिरायचा; तुझा जीव माझा आहे, असे तो म्हणत होता. "फेडशी, तवय ये. तोपर्यंत आठे पाय ठेवू नको."

"फेडीन. आणि ज्या दिवशी फेडीन, त्या दिवशी तू ते याच भाऊबंदांसमोर आपल्या तोंडाने सांगशील."

"सांगीन."

दोघांचेही शब्द पडले. त्यानंतर सदतीस वर्षे शेवंताबाई धरणगावी गेली नाही. धुळ्यात ती सिस्टर झाली, मग वॉर्डाची मोठी सिस्टर झाली. शिकाऊ मुली तिच्या चपलांचा आवाज ऐकून उभ्या राहत. किती माणसे तिच्या हाताखालून बरी होऊन घरी गेली याची गणती नव्हती, पण एक देणे तसेच राहिले होते, आणि ते तिला खड्यासारखे टोचत असे. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती निवृत्त झाली. त्याच श्रावणात वहिनीचे पोस्टकार्ड आले.

इंदिरावहिनीचे अक्षर मोठे आणि ओबडधोबड होते. तिने लिहिले होते, "यांना चार महिन्यांपासून रात्री लघवीला सात-सात वेळा उठावे लागत होते. कुणाला सांगितले नाही. मीही विचारले तर अंगावर आले. जेठात चक्कर आली म्हणून आमच्या तोतारामाने जळगावला नेले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढला आहे आणि प्रोस्टेटची गाठही वाढली आहे. एकच गोळी दोन्हीवर चालेल म्हणाले. पण यांनी तोतारामालाही बाहेर बसवून सगळे एकट्याने ऐकले. गावात डोकेदुखीची गोळी म्हणून सांगतात. महिनाभर घेतली, बराच आराम होता. आता रोट बसले आणि यांनी गोळी बंद केली. चेहरा लालबुंद झाला आहे, लघवी थेंब थेंब होते. तुम्ही नर्स आहात. याल तर बरे. मी लिहिले हे सांगू नका."

पत्र वाचून शेवंताबाईंना आश्चर्य वाटले नाही. रोटाचा नियम त्यांना ठाऊक होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून दळतात. त्या पिठाचे जे करतात ते रोट, आणि ते फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. परक्याला त्यातला घास द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली मुलगीही परकीच. तिच्या नावाची मूठ नसते. शिवाय या घराचा म्हणून एक जादा नियम हिलालाने घालून ठेवला होता: पौर्णिमेला रोट संपेपर्यंत बाहेरचे काही तोंडात घालायचे नाही. चहा नाही, पानसुपारी नाही, शेजारच्या विहिरीचे पाणीसुद्धा नाही. हिलालाच्या काळात गोळ्या नव्हत्या, म्हणून तो त्यांचे नाव घ्यायचा राहिला असेल. पितांबरने ते परस्पर भरून काढले होते.

शुक्रवारी सकाळी त्या एसटीत बसल्या. पारोळा, एरंडोल करीत दुपारी धरणगावी उतरल्या. पिशवीत रक्तदाब मोजायचे यंत्र, दोन पातळे आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. त्यांना मायाबिया काही आली नव्हती. या प्रवासात त्यांनी एकच विचार केला: हा माणूस माझे देणे फिटण्याआधी मेला, तर मी जन्माची ऋणी राहीन. ते मला चालणार नाही.

पितांबर ओट्यावर खाटेवर बसला होता. सदुसष्ट वर्षांचा, पण अंगाने भक्कम, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या. त्याने बहिणीला ओळखले आणि मान फिरवली.

"कसाले उनी तू?"

"उद्या राखीपौर्णिमा आहे."

"राखी लयी का?"

"राखी नाही आणली. बीपीचे मशीन आणले आहे. दंड पुढे कर."

"तुले कोनी बलावं?"

"तुझ्या तोंडाने बोलावले. इतके लाल झाले आहे की धुळ्याहून दिसले."

आत दाराआड इंदिरावहिनी पदर तोंडाशी धरून उभी होती. शेजारची म्हातारी बेबाबाई भिंतीवरून मान काढून ऐकत होती, तिला हसू आवरले नाही. पितांबरने तिच्याकडे असे पाहिले की ती भिंतीआड बसली.

"मना घरमा रोट शे," तो म्हणाला. "परक्या माणसाला घरात जागा नाही."

"मी घरात येतच नाही. ओटा घराच्या बाहेर आहे, आणि भाकरी माझी मी आणली आहे. गोळ्या कधी बंद केल्यास?"

"डोकेदुखीची गोळी आहे ती. डोके दुखत नाही, घेत नाही."

"भाऊ, मी छत्तीस वर्षे लोकांच्या लघवीचे माप लिहिले आहे. माझ्यापुढे डोकेदुखी सांगू नकोस."

त्याचा चेहरा अधिकच तापला. ओट्यासमोरून दोन माणसे बाजाराच्या वाटेने जात होती. त्यांनी ऐकले की काय, या भीतीने त्याने तिकडे पाहिले. मग दात आवळून हळू म्हणाला, "तोंड बंद ठेव. नाहीतर आत्ता एसटीत बसवून देईन."

"बसव. पण आधी डॉक्टरची चिठ्ठी दाखव."

तो उठून आत गेला आणि दार लावून घेतले. थोड्या वेळाने खिडकीच्या गजांतून इंदिरावहिनीचा हात बाहेर आला. हातात चार घड्या घातलेला कागद होता. शेवंताबाईंनी तो ओट्यावर बसून वाचला. डॉक्टरांनी शेजारी मराठीतही लिहून दिले होते. पहिले तीन दिवस अर्धी गोळी, रात्री आडवे झाल्यावर. मग हळूहळू वाढवून सकाळ-रात्र एक एक. बिछान्यातून एकदम उठू नये. काही दिवस चुकल्यास पूर्ण गोळी घेऊ नये. परत येऊन विचारावे. शेवटच्या ओळीखाली डॉक्टरांनी दोन रेघा मारल्या होत्या.

"वहिनी," त्या खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "हे त्याने तुला वाचून दाखवले होते?"

"मला कशाला दाखवतील? फक्त गोळी दे म्हणायचे."

"मग नीट ऐक. या गोळीने नसा सैल पडतात. रोज घेतली की शरीराला सवय होते. मध्ये पाच-सहा दिवस गेले की ती सवय जाते. मग पूर्ण गोळी घेतली आणि माणूस उभा राहिला, की रक्त सगळे पायांत उतरते, डोक्याला पोचत नाही. माणूस जिथे असेल तिथे कोसळतो. रोट उद्या संपेल. त्यानंतर हा गोळी मागेल. पूर्ण द्यायची नाही. तोतारामला उद्या जळगावला पाठव, डॉक्टरकडून लिहून आणू दे."

तोताराम पितांबरचा मुलगा. चाळिशीचा, कापसाच्या व्यवहारात हुशार आणि बापापुढे मुका. पण शनिवारी सकाळी तो गेला. डॉक्टरांचे घर जळगावातच मेहरूणला होते, तिथे जाऊन त्याने चिठ्ठी आणली. तोपर्यंत इकडे शेवटचा रोट खाऊन झाला होता, ताटे धुऊन झाली होती आणि सांडलेला कणही अंगणात पुरून झाला होता. शेवंताबाई बेबाबाईच्या पडवीत राहिल्या होत्या. संध्याकाळी तोताराम ओट्यावर चिठ्ठी घेऊन आला.

"आबा, डॉक्टर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आज झोपताना अर्धी. आणि फार रागावले."

"डॉक्टर रागावले का तुझी फुई रागावली?" खानदेशात आत्याला फुई म्हणतात. "हिनेच शिकवून धाडले तुला."

"आबा, त्यांच्याच अक्षरात आहे."

पितांबरने कागद घेतला, न वाचता तांब्याखाली ठेवला आणि बहिणीला म्हणाला, "तू हो म्हणशील ते मी खाणार नाही, आणि नको म्हणशील ते सोडणार नाही."

"म्हणजे मी विष खाऊ नको म्हणाले तर?"

"तर खाईन."

"धनसिंगाचाच मुलगा," शेवंताबाई म्हणाल्या आणि पडवीत निघून गेल्या. त्या दिवशी त्याने अर्धी गोळी घेतली नाही. इंदिरावहिनीने पुढे केलेला हात त्याने बाजूला सारला.

रविवारी सकाळी शेवंताबाई ओट्याशी आल्या, तेव्हा पितांबर खाटेवर बसून चहा पीत होता. सहा दिवसांनंतरचा पहिला चहा. भाऊबंदांतले दोघे-तिघे पायरीवर बसले होते. त्याने बहिणीला पाहिले, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशा रीतीने एक पूर्ण गोळी तळहातावर घेतली. मग जरा थांबून दुसरी काढली.

"ही एक आजची. आणि ही राहिलेल्या दिवसांची. मी कुणाचे ठेवत नाही," तो म्हणाला आणि दोन्ही गोळ्या चहाबरोबर गिळल्या. "घे. काय व्हई जाई?"

शेवंताबाईंनी हातातल्या घड्याळाकडे पाहिले. आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. क्षणभर त्यांच्या मनात आले की जावे उठून. सांगायचे ते सांगितले, लिहून आणले, आता याचे हा जाणे. पण याचे हा जाणे म्हटले की आपले देणे आपल्या बोकांडी राहते, हेही तेवढ्याच स्पष्टपणे दिसले.

"काय होईल ते सांगते," त्या म्हणाल्या. "अर्ध्या-पाऊण तासात गोळी चढेल. तोवर इथेच आडवा हो. लाज वाटत असेल तर झोपल्याचे सोंग घे. पण उभा राहू नकोस. उभा राहिलास की पडशील."

"मला जिनिंगवर जायचे आहे."

"दोन तासांनी जा."

"आत्ता जाणार." तरी तो लगेच उठला नाही, भाऊबंदांशी कापसाच्या भावावर बोलत बसला, मधूनच बहिणीकडे पाहून मिशीला पीळ देत. शेवंताबाई ओट्याच्या पायऱ्यांखाली जाऊन उभ्या राहिल्या. तिथे दगडी फरशी होती आणि तिच्या कडेला गाईंचे दगडी टाके. पडणारा माणूस कुठल्या बाजूला पडतो, हे त्यांनी वॉर्डात पुष्कळदा पाहिले होते. टाक्याची धार आणि पायरी यांच्यामध्ये त्या जाऊन थांबल्या.

"तिथे काय पहारा करतेस?" वरून आवाज आला.

"तुझी वाट पाहते."

पावणेनऊला तो झटक्यात उठला. टोपी घातली, काठी घेतली नाही. "दख! उभा शे ना मी?" म्हणून त्याने हसून दोन्ही हात पसरले, आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकले. दुसऱ्या पायरीवर त्याचे हसू तसेच राहिले, पण डोळे वर गेले. चेहऱ्याचा सगळा लाल रंग कुणी फडक्याने पुसावा तसा उतरला. गुडघे वाकले आणि ते भक्कम शरीर टाक्याच्या दिशेने कलंडले.

शेवंताबाईंनी त्याला छातीवर घेतले. वजन पेलणे शक्यच नव्हते, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला तर नाहीच. पण अडवणे शक्य होते. त्या स्वतः खाली बसल्या, त्यांचे कोपर टाक्यावर आपटून फुटले, आणि पितांबरचे डोके दगडाऐवजी त्यांच्या मांडीवर आले.

मग एकच गोंधळ उडाला. एकजण कांदा हुंगवायला म्हणून आत धावला, दुसऱ्याने चप्पल काढून नाकाशी आणली. तोतारामने काखेत हात घालून बापाला उठवून बसवायला सुरुवात केली. "पाणी घाला तोंडात! बसवा त्यांना, बसवा!"

"हात काढ!" शेवंताबाई ओरडल्या. तो आवाज धुळ्याच्या वॉर्डातला होता. तोतारामचे हात सुटले. "याला जो बसवील तो याला मारील. आडवाच राहू दे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालाल तर ते छातीत जाईल. वहिनी, ते सरकीचे पोते इकडे आण, पाय त्यावर ठेव. उंच. अजून उंच. चप्पल घाल पायात तुझ्या, मेल्या! आणि तोताराम, गावातल्या डॉक्टरला सायकलवर घेऊन ये. सलाईन घेऊन या म्हणावे, आणि कुठली गोळी किती घेतली ते ही पट्टी दाखवून सांग. पळ!"

त्यांनी यंत्र काढले, दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा सत्तर भरला. नाडी बारीक आणि धावती होती. थोड्या वेळाने पितांबरने डोळे उघडले. वर आकाश दिसले, मग बहिणीचा चेहरा, उलटा.

"माले उठाड," तो पुटपुटला.

"नाही उठवणार."

"लोक पाहतात."

"पाहू देत. पडताना पाहिलेच त्यांनी."

गावातले डॉक्टर आले. पट्टी पाहिली, आकडा ऐकला, सलाईन तिथेच फरशीवर लावले आणि शेवंताबाईंकडे पाहून म्हणाले, "उठवून बसवला असता तर कठीण होते. आणि डोके या दगडावर आले असते तर मला बोलवायचीही गरज नव्हती." दुपारी चौघांनी त्याला फळीवर आडवाच उचलून त्याच्या घरच्या पडवीत नेले. जळगावच्या डॉक्टरांना तोतारामने जिनिंगवरून फोन केला. त्यांनी सांगितले, आज गोळी मुळीच नको; दाब सावरला की उद्यापासून अर्धी, झोपताना, आणि तीन दिवस कुणीतरी जाणते माणूस उशाशी हवे.

जाणते माणूस एकच होते. शेवंताबाई उशाशी बसल्या.

त्या तीन दिवसांत भावाबहिणीत एकही गोड शब्द झाला नाही. दर दोन तासांनी त्या दंडाला पट्टा बांधत, आधी आडवा असताना, मग बसवून, आणि आकडे पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहीत. रविवारी संध्याकाळी लघवी अडली. पोट फुगले. पितांबर दात खाऊन पडून राहिला, पण बोलेना. त्यांनी चादरीवरून हात फिरवून ओळखले, गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेवली आणि भांडे आणले.

"इंदिराला बोलाव," तो म्हणाला.

"तिला धरता येत नाही, सांडेल. मला येते. मी तेच शिकले आहे, तू भाऊबंदांसमोर सांगितले होतेस ते."

त्याने भिंतीकडे तोंड केले. भांडे त्यांनीच धरले. पाऊण तासाने थेंब सुरू झाले. त्यांनी माप पाहिले, लिहिले, आणि भांडे स्वतः धुतले.

सोमवारी झोपताना त्यांनी गोळी सुरीने दोन तुकडे करून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती पाहिली, तोंडात टाकली आणि आडवा झाला. पहाटे उठायची रीत त्यांनी शिकवली. कूस वळायची. पाय खाली सोडून खाटेच्या कडेला बसायचे. शंभर आकडे मोजायचे. मग खांब धरून उभे राहायचे, आणि पुन्हा पन्नास मोजल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. डोळ्यापुढे अंधारी आली तर तिथल्या तिथे खाली बसायचे, मग समोर कलेक्टर उभा असला तरी.

"आणि चुकलेली गोळी?" त्यांनी शाळेतल्या मास्तरासारखे विचारले.

त्याने चादर गळ्यापर्यंत ओढली.

"चुकलेली गोळी, भाऊ?"

"चुकली ती चुकली," तो गुरगुरला. "दुसरीबरोबर घ्यायची नाही."

"दोन-तीन दिवस चुकल्या तर?"

"डॉक्टरला विचारायचे."

"आणि पुढच्या श्रावणात?"

त्याने कूस वळवली. "कानबाईला गोळीचे वावडे नाही," तो म्हणाला. "नियम हिलालाचा होता."

बुधवारी सकाळी शेवंताबाई न्हाऊन परत आल्या, तर पितांबर खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेला दिसला. ओठ हलत होते. त्या दाराशीच थांबल्या. तो मोजून उभा राहिला, खांब धरून पुन्हा मोजले आणि मागच्या दाराने एकटा जाऊन आला. मोजायला बसवले तेव्हा दाब एकशेचाळीस होता, उभा असताना एकशेतीस. त्यांनी पट्टा गुंडाळला, यंत्राची पेटी बंद केली आणि पातळे पिशवीत घातली.

बाहेर ओट्यावर भाऊबंद जमले होते. रोज सकाळी ते चौकशीला येतच. त्यात चुलतभाऊ रुपचंद होता, सदतीस वर्षांपूर्वी त्या श्रावणातही तो हजर होता. पितांबर सावकाश बाहेर येऊन खाटेवर बसला. शेवंताबाई पिशवी घेऊन खाली अंगणात उभ्या राहिल्या.

"या वयात पाय घसरायचाच, भाऊ," रुपचंद म्हणाला. "फरशी शेवाळली आहे. आम्ही गावात तसेच सांगितले."

हे सोयीचे होते. पितांबरने नुसती मान हलवली असती तरी काम भागले असते. पाय घसरला, बहीण जवळ होती, झाले. शेवंताबाईंना ते कळले. फक्त त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि एसटीची वेळ जवळ येत होती तरी हलल्या नाहीत.

पितांबरचे कान लाल झाले. या वेळी रक्तदाबाने नव्हे.

"घसरलो नाही," तो म्हणाला.

"मग?"

"गोळी चुकीची घेतली. मुद्दाम घेतली. ती डोकेदुखीची गोळी नाही." मग बाजारात सांगावे तसा तो मोठ्याने म्हणाला, "लघवीची शे ती. रात्री सात-सात वेळा उठस मी. चार महिने कुणाला सांगितले नाही. हिने सांगितले होते, उभा राहू नको. मी उभा राहिलो. हिने मला टाक्यावर पडू दिले नाही. तीन दिवस हिने माझे भांडे उचलले."

कुणी हसले नाही. रुपचंदने खाली पाहिले आणि दाढी खाजवली. मग चाचरत म्हणाला, "रात्री मलाही, भाऊ... दोन वर्षं झाली." पण त्याच्याकडे पितांबरचे लक्ष नव्हते.

"रुपचंद, तू होतास तवय," तो म्हणाला. "मी काय बोललो होतो, आठवते?"

"आठवते."

"मग ऐका बठ्ठे जण." त्याने बहिणीकडे पाहिले. नजरेत ओलावा नव्हता, हरलेल्या माणसाचा संतापच होता. तरी नजर सरळ होती. "इना जीव मी राखा व्हता. मना जीव इनी राखा. फिटनं."

शेवंताबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. फुटलेल्या कोपरावर इंदिरावहिनीने बांधलेले फडके होते, ते त्यांनी नीट केले.

"बठ्ठं?" त्यांनी विचारले. सगळे फिटले का, हे विचारताना माहेरची बोली त्यांच्या तोंडून सदतीस वर्षांत पहिल्यांदा निघाली.

"बठ्ठं," पितांबर म्हणाला. "काहीच बाकी नही."